न सांगितलेली तंगडी

त्या वर्षी तंबाखू कोठारातच बुरसला. सप्टेंबरात कापून काठ्यांवर उलटा टांगला आणि नंतर चार आठवडे लॉरेल फोर्कच्या खोऱ्यावरून ढग हलले नाहीत. पानं वाळायची सोडून घामेजली. होबार्ट स्टिडम रोज सकाळी कोठाराच्या उभ्या फळ्या उघडायचा, संध्याकाळी लावायचा; वारा काही त्याच्या ऐकण्यातला नव्हता. सोनेरी व्हायची ती पानं तपकिरी झाली, तपकिरी व्हायची ती काळी. बाजारात त्यांचं काय होणार हे माझ्या दुकानासमोर झोपणाऱ्या कुत्र्यालाही कळत होतं.

माझं दुकान म्हणजेच पोस्ट. एका बाजूला मीठ, रॉकेल, खिळे. दुसऱ्या बाजूला जाळीची खिडकी. माणसं एकाच दारातून येतात, पण मीठ मागताना मला झेला मावशी म्हणतात आणि तिकिटं मागताना मिसेस कॉडिल. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं मी या खिडकीत आहे. कोणाला पत्र येतं, कोणाला येत नाही आणि येत नाही हे माहीत असूनही कोण रोज विचारायला येतं, हे मला लिहून ठेवावं लागत नाही.

होबार्टला मात्र त्या हिवाळ्यात तंबाखूपेक्षा मोठी आशा होती, ती म्हणजे त्याची लेक. लिओटा एकोणीस वर्षांची, शेंडेफळ. तिचे दोघे भाऊ आधीच ओहायोतल्या कारखान्यात गेले होते आणि नाताळला येऊन दोन दिवसांत परत जात होते. लिओटाचा गळा असा, की चर्चमध्ये ती गायला लागली की बाकीचे नुसते ओठ हलवायचे. उन्हाळ्यात शहरात जाऊन तिने एक तबकडी करून आणली, ‘खुंटीवरचा कोट’. गेलेल्या माणसाचा कोट खुंटीवर तसाच राहतो, असं काहीतरी ते गाणं होतं. मग शहरात दर शनिवारी गाण्याचा जो मोठा जलसा होतो, त्या लोकांचं पत्र माझ्या खिडकीतून आलं. गाणं नव्या वर्षापर्यंत तुमच्याकडच्या रेडिओवर वाजत राहिलं आणि ऐकणाऱ्यांची शंभर कार्डं आमच्याकडे आली, तर मुलीला पगारावर घेऊ. आठवड्यात एक रात्र गायचं, बाकी दिवस घरी. नाहीतर जानेवारीत ओहायोची बस ठरलेली होती. ऑर्फाने, तिच्या आईने, तिसऱ्या लेकराची प्रवासाची पेटी अजून माळ्यावरून काढली नव्हती.

आमच्याकडचा रेडिओ म्हणजे व्हर्जिल टॅकेट. अठरा मैलांवरच्या केसीत एका फर्निचरवाल्याने रेडिओ-स्टेशन काढलं होतं आणि शनिवारी पहाटे साडेसहाला व्हर्जिल तिथून बोलायचा. सगळे त्याला व्हर्जिल भाऊ म्हणत. आवाज गरम पावावर काकवी ओतावी तसा, आणि माणूस समोर आला तर चेहरा अगदीच साधा, जरा तिरळा. तबकड्या लावायचा, कोणाची गाय हरवली ते सांगायचा आणि आठवड्यात कोणी काय दिलं ते एकेक करून वाचायचा. मिसेस आयसन यांच्याकडून मधाची बरणी आली, पोळ्यात दोन मेलेल्या माश्या होत्या, त्यांचेही आभार. बायकांच्या मंडळाने मोजे विणले, डावा थोडा मोठा आहे. गाण्यांपेक्षा लोक हेच ऐकायला बसत. शेजारणीने किती दिलं, आपण किती दिलं, हे अख्ख्या खोऱ्याला सकाळच्या कॉफीबरोबर कळायचं. अकरा वर्षांत त्याने खाल्लेला एक घास सांगायचा ठेवला नाही.

नोव्हेंबरात तो शब्द आला. पेओला. आधी बातम्यांत, मग वर्तमानपत्रात. मोठ्या शहरांत गाणी वाजवणारे लोक गुपचूप पैसे घेऊन तबकड्या लावतात आणि राजधानीत त्यांना उभं करून विचारतात, असं काहीसं. नेमकं काय ते कोणालाच कळेना. आयसन मास्तरांनी शाळेतला जाड शब्दकोश उघडला, तर त्यात शब्दच नाही. मास्तरांनी तो बंद केला आणि म्हणाले, जो शब्द कोशात नाही तो गुन्हा होऊ शकत नाही. लोकांना ते पटलं नाही. कोशात नसलेली बरीच पापं त्यांच्या माहितीची होती.

आठ दिवसांत शब्द घरोघरी रुजला. डॉक्टरला कोंबडी दिली, पेओला. खेचराला नांगरापूर्वी साखरेचा खडा दिला, पेओला. पाद्रीबुवांनी एका रविवारी सफरचंदाचा केक नाकारला आणि नंतर आठवडाभर त्याबद्दल हळहळले. माझ्या दुकानात एका पोराने पोरीला गोळ्या घेऊन दिल्या, तर ती म्हणाली, आधी सांग कशाबद्दल. वापर सगळ्यांना येत होता, अर्थ एकालाही येत नव्हता. अर्थ कळेपर्यंत माणूस हसतो. होबार्ट तेवढा हसत नव्हता.

कारण तंगडी. डुक्कर मारायचे दिवस आले की धुरघरात नव्या तंगड्या टांगायला जागा लागते, म्हणून मागच्या वर्षीच्या, मिठात मुरलेल्या, हिकरीच्या लाकडाच्या धुरात काळ्या पडलेल्या तंगड्या त्या आठवड्यात बाहेर निघतात. त्यांतली एक घरात राहते. बाकीच्या ज्याने वर्षात आपलं काही भलं केलं, त्याच्याकडे जातात. एक डॉक्टरला, एक ज्याने चिखलातली गाडी ओढून दिली त्याला. स्टिडमांची एक तंगडी दर वर्षी व्हर्जिलला जायची. सहा वर्षांपूर्वी त्यांची गाय हरवली होती आणि त्याने रेडिओवर सांगून ती मिळवून दिली होती, तेव्हापासून. लिओटा तेव्हा तेरा वर्षांची होती, गाणंबिणं काही नव्हतं. आणखी एक तंगडी माझ्याकडे यायची. कशाबद्दल, ते मी कधी विचारलं नाही. पत्रं वेळेवर मिळतात म्हणून असेल.

त्या वर्षीही पहिल्या कडक थंडीत डुकरं मारली. मी मदतीला होते. कढईत पाणी उकळत होतं, अंगणातून वाफ निघत होती, होबार्ट पाठीच्या कण्यावरून सुरी ओढत होता. ऑर्फा मीठ चोळत होती. तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, मीठ त्यांत जात होतं आणि ती दात दाबून माझ्याशी कार्डांचं बोलत होती. माझ्या खिडकीतून तोवर त्रेसष्ट कार्डं शहराला गेली होती. मी मोजत होते. तिला आकडा सांगितला तेव्हा तिने हात थांबवला नाही, पण मीठ दुप्पट घातलं.

दोन दिवसांनी होबार्ट पिशवीत घातलेली तंगडी खांद्यावर टाकून माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसला, केसीला जाणाऱ्या दुधाच्या गाडीची वाट बघत. बाकावर क्लेब फ्यूगेट होता. क्लेबला काम नाही आणि जीभ मात्र बारा महिने धारेवर. त्याने पिशवीचा वास घेतला.

“होबार्ट,” तो म्हणाला, “तुझ्या लेकीच्या गाण्यात सुरापेक्षा चरबी जास्त आहे म्हणायची.”

बाकीचे हसले. होबार्ट हसला नाही, रागावलाही नाही. तो आत माझ्याकडे आला. तंबाखूच्या चिकाने त्याच्या हातांवर काळा थर चढलेला, रॉकेलनेही न निघणारा. त्याने हात खिडकीच्या फळीवर ठेवले आणि तिथे दोन पंजे उमटले.

“झेला मावशी, तू सरकारची माणूस.”

“तिकिटं विकण्यापुरती.”

“हा पेओला म्हणजे नेमकं काय? तंगडी तर मी दर वर्षी देतो. पण गाणं यंदाच आहे. शनिवारी त्याने तंगडी सांगितली आणि लगेच लिओटाची तबकडी लावली, तर लोक काय म्हणतील?”

मला माहीत नाही, असं मी म्हणू शकले असते. पण जाळीच्या मागे बसलेल्या बाईला ते म्हणणं जड जातं. मी शहाण्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, “सरकारी बाबतीत कमी बोललेलं बरं, होबार्ट.”

त्याने मान हलवली. त्याला तेवढं पुरलं. मलाही त्या वेळी पुरलं.

केसीत जाऊन त्याने व्हर्जिलला तंगडी दिली, पण या वेळी दारात उभा राहून टोपी दोन्ही हातांत फिरवत एक विनंती केली. ही तंगडी रेडिओवर सांगू नकोस. हे मला पुढे व्हर्जिलनेच सांगितलं. व्हर्जिलला ते चमत्कारिक वाटलं. मी सगळं सांगतो, तो म्हणाला, लोक वाट बघतात. होबार्ट म्हणाला, एवढं माझ्यासाठी कर. आणि आमच्या खोऱ्यात दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘एवढं’ नाकारायची रीत नाही. व्हर्जिलने तंगडी स्वयंपाकघरात खुंटीला लावली आणि बरं म्हणाला.

शनिवारी सहालाच माझ्या दुकानात दहा-बारा माणसं जमली. शेगडी लाल झाली होती. व्हर्जिलने फ्यूगेटांच्या काकवीचे आभार मानले, एका म्हातारीने पाठवलेल्या भोपळ्याचे मानले. मग जरासा थांबला. इतकी वर्षं ऐकते आहे, त्याचं थांबणं मला कळतं. तोंडाशी आलेलं माणूस गिळतो तसं ते होतं. मग तबकडी लागली. माझी सुरी चीजमध्ये अर्धी जाऊन थांबली. लिओटा गात होती, कोट खुंटीवर होता, आणि दुकानातला प्रत्येक माणूस त्या पिशवीचा विचार करत होता, जी गुरुवारी सगळ्यांनी पाहिली होती.

“तंगडी कुठे गेली?” क्लेबने विचारलं. “आता झाला बघा खरा पेओला,” तो म्हणाला आणि काकवीच्या डब्यावर टिचक्या मारू लागला. त्या दिवशी खोऱ्यात शब्दाचा अर्थ एकट्या त्यालाच कळला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी गाणं वाजलं, त्याच्या पुढच्याही. कार्डं सत्त्याऐंशी झाली. स्टिडमांच्या कोठाराला लागून एक खोली आहे, तिथे पानं काढायचं काम सुरू झालं होतं. हवा दमट झाली की पानं मऊ पडतात, तेव्हाच त्यांना हात लावता येतो, नाहीतर चुरा. तिघं फळीशी उभी राहून देठावरून पानं ओढायची, प्रत निवडायची, पंधरा-वीस पानांची जुडी करून एका पानानेच तिचा गळा बांधायची. बरी पानं थोडी, काळी फार. होबार्ट काळी पानंही नीट विंचरून बांधत होता, मेलेल्या माणसाला कोट चढवावा तशी. लिओटा काम करताना गुणगुणायची आणि तो तिला म्हणायचा, गळा जप, धूळ आहे.

नाताळच्या आधी राजधानीहून सगळ्या रेडिओवाल्यांना पत्रं गेली. केसीच्या फर्निचरवाल्याने घाबरून वकील बोलावला. वकिलाने बोलणाऱ्या प्रत्येकासमोर कागद ठेवला. गाणं वाजवण्याबद्दल तुम्ही असं काही घेतलं आहे का, जे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही? शपथेवर लिहा.

बाकीच्या दोघांनी ‘नाही’ लिहून सह्या केल्या आणि जेवायला गेले. व्हर्जिल पेन धरून बसला. वकिलाला त्याने विचारलं, तंगडी धरायची का? वकील हसला. मग व्हर्जिलने मोजून सांगितलं, अकरा वर्षांत मध, मोजे, भोपळे, बासष्ट केक, जिवंत बदकं दोन, सगळं सांगितलं. एकच तंगडी सांगायची राहिली. वकिलाचं हसू गेलं. तुम्ही विसरलात का, त्याने विचारलं. विसरलो असं लिहिलं असतं तर सुटला असता. व्हर्जिल म्हणाला, नाही, मला सांगू नको म्हणाले होते.

मालकाला परवान्याची भीती. संध्याकाळपर्यंत व्हर्जिलची नोकरी गेली आणि ‘खुंटीवरचा कोट’ कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला, खांद्यावर तीच पिशवी. तंगडी परत करा, असं वकिलाने बजावलं होतं. त्याने ती कापलीही नव्हती. पण दिलेली तंगडी दारात नेऊन परत देणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. ते त्याच्याने होईना.

“तू सांगितलं असतंस तर?” मी विचारलं. “रेडिओवर, नेहमीसारखं.”

“तर काहीच नव्हतं. खाल्ल्याचा गुन्हा नाही, मावशी. खाऊन तोंड पुसल्याचा आहे. वकिलाने असंच सांगितलं, फक्त लांबलचक.” तो शेगडीशी हात शेकत राहिला. “मी अजून तिला सुरी लावली नाही, आणि तोंड मात्र पुसून बसलो.”

तो ठेवून गेला ती तंगडी मी दुकानातल्या आकड्याला टांगली. सहा दिवस तिथे होती. येणारा प्रत्येक माणूस मान वर करून तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग खिळे मागायचा. सातव्या दिवशी होबार्ट टपाल घ्यायला आला आणि त्यानेही वर पाहिलं. आपली तंगडी माणूस ओळखतो. हाडाशी मीठ चोळणारा हात कोणाचा ते दिसतं. मी त्याला वकिलाचं म्हणणं सांगितलं. तो पिठाच्या पोत्यावर बसला.

“म्हणजे मी मोठ्याने सांगू दिलं असतं तर स्वच्छ होतं.”

“हो म्हणतात.”

“आणि लाजून गप्प राहिलो म्हणून चोरी.”

“तसंच काहीतरी.”

“आम्हांला तर उलटं शिकवलंय,” तो म्हणाला. “दिलेलं बोलून दाखवू नये.”

गप्प राहायला त्याला कोणी सांगितलं होतं, ते त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. मग त्याने बाकावर चढून तंगडी स्वतः उतरवली, आणि जाता जाता, पानं काढायला एक हात कमी पडतो आहे, व्हर्जिलला निरोप दे, रोजावर येईल का, असं म्हणाला. तंबाखूची जी दशा होती, तिला हात कमी पडत नव्हता, पडत होता तो पैसा. तरी मी निरोप दिला.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी शहराचं पत्र आलं. ते घेऊन मीच चिखल तुडवत गेले. असं पत्र खिडकीतून सरकवायला बरं वाटत नाही. कोठाराच्या खोलीत चौघं फळीशी उभी होती. व्हर्जिलच्या हातांना अजून सवय नव्हती, त्याच्या जुड्या ढिल्या होत होत्या आणि लिओटा काही न बोलता त्या पुन्हा बांधत होती. पत्र तिनेच वाचलं. अठ्ठ्याऐंशी कार्डं मिळाली, आवाज चांगला आहे, पण गाणं बंद झाल्याचं आणि त्यामागचं कारण समजलं, तेव्हा सध्या नको. तिने कागदाची घडी केली, एप्रनच्या खिशात ठेवला आणि पुढचा देठ उचलला. ऑर्फा म्हणाली, सोमवारच्या बससाठी पेटी काढायला हवी. एवढंच.

जेवणाला ऑर्फाने तीच तंगडी कापली होती. चकत्या तळलेल्या, कॉफी घालून केलेला लालसर रस्सा, गरम पाव. फळीवरचा चुरा झाडून ताटं मांडली. कोणी हात लावेना. व्हर्जिल ताटाकडे बघत होता, जणू वकील रश्श्यात बसला आहे.

मग होबार्ट उभा राहिला. तो चर्चमध्येही कधी मोठ्याने बोललेला नाही. टोपी काढून, भिंतीकडे बघत, जरुरीपेक्षा खूप मोठ्या आवाजात तो म्हणाला, “ही तंगडी स्टिडमांकडून आहे. व्हर्जिल टॅकेटला. गायीबद्दल.” थोडा थांबला. “आणि त्याची नोकरी घालवल्याबद्दल.” मग खाली बसला आणि मला विचारलं, “आता स्वच्छ झालं का, मावशी?”

मला माहीत नाही, असं मी म्हणाले. या वेळी म्हणाले.

व्हर्जिलने हात पुसले. समोर तंबाखूची एक रिकामी काठी पडली होती, ती त्याने मायक्रोफोनसारखी तोंडापुढे उभी धरली, आणि त्याचा तो शनिवारचा आवाज त्या काळ्या, कुबट खोलीत निघाला. होबार्ट आणि ऑर्फा स्टिडम यांच्याकडून एक तंगडी आली आहे, वर्षभर मुरलेली, मीठ जरा पुढे आहे, त्यांचे आभार. आता ऐका त्यांची मुलगी लिओटा. कोणी हसलं नाही. लिओटाने तोंडातला घास गिळला आणि उभ्या उभ्या ते गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चार माणसांसमोर. होबार्ट तिच्याकडे बघत नव्हता. नखाने हातावरचा चीक खरवडत होता. गाणं संपल्यावर ती म्हणाली, रस्सा गार होतोय, आणि आम्ही जेवलो.

निघताना ऑर्फाने नेहमीप्रमाणे फडक्यात बांधून दोन जाड चकत्या माझ्या हातात दिल्या. मी नको म्हणाले नाही. कुंपणापर्यंत आले. मागे कोठाराच्या धुराड्यातून धूर निघत होता, पुढे रस्त्यावर चिखल आणि एक म्हातारं खेचर. मी दोन्ही बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं. मग मी ते पुडकं वर धरलं आणि मोठ्याने म्हणाले, “या दोन चकत्या ऑर्फा स्टिडमकडून. झेला कॉडिलला. चुकीच्या सल्ल्याबद्दल.”

खेचराने कान हलवले. तेवढ्याने भागलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. चकत्या चांगल्या होत्या, मीठ जरा पुढे होतं.